पडदा वाकडा, पण त्रास किती?

रात्री दोनच्या सुमारास घरातले सगळे गाढ झोपलेले असतात आणि एक जण उशीला टेकून बसलेला असतो. उजवी नाकपुडी बंद, डावीतून जेमतेम हवा येते. तोंड उघडे ठेवून झोपावे, तर घशाला कोरड पडते. उशाजवळ थेंबांची छोटी बाटली असते. दोन थेंब टाकले की नाक मोकळे होते, पण काही तासांनी पुन्हा तेच. सकाळी डोके जड, दुपारी ऑफिसात पेंग. घरच्यांचे निदान तयार असते : ‘नाकाचं हाड वाढलंय, एकदा दाखवून घे.’ शेजाऱ्यांचा सल्लाही तयार असतो : ‘ऑपरेशनच्या भानगडीत पडू नकोस, ते परत वाढतं.’

ही दोन वाक्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या फिरत आहेत. दोन्ही अर्धवट खरी आहेत, म्हणूनच जास्त फसवी आहेत. पहिल्या वाक्यामुळे गरज नसलेले काही जण ऑपरेशनच्या टेबलावर पोहोचतात. दुसऱ्यामुळे खरोखर गरज असलेले अनेक जण वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेत राहतात.

मुळात हाड ‘वाढलेले’ नसते. नाकाच्या दोन पोकळ्यांमध्ये एक उभा पडदा असतो. त्याचा पुढचा भाग लवचीक कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या कडेसारख्या पदार्थाचा, आणि मागचा भाग पातळ हाडांचा. हा पडदा एका बाजूला कलतो, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळतो किंवा त्यावर काट्यासारखा उंचवटा तयार होतो. कधी जन्माच्या वेळी पडलेला दाब, कधी वाढीच्या वयात कूर्चा आणि हाडे यांचा न जुळलेला मेळ, तर कधी लहानपणी नाकावर बसलेला चेंडू, अशी त्याची कारणे असतात. ती पडझड घरच्यांना आठवतही नसते.

बहुतेक प्रौढांचा पडदा थोडाफार वाकडाच असतो. त्यांतल्या अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. मग कधीतरी डोकेदुखीसाठी सीटी स्कॅन होतो, अहवालात ‘डीएनएस’ ही तीन अक्षरे दिसतात आणि धडधाकट माणूस एका रात्रीत रुग्ण होतो. ही अक्षरे पडद्याचा आकार सांगतात. त्यापलीकडे, त्या माणसाला श्वास घ्यायला किती त्रास होतो, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच ऑपरेशनचा निर्णय केवळ चित्रावरून होता कामा नये.

चित्र का अपुरे पडते, हे समजायला नाक कसे चालते ते पाहावे लागते. नाक म्हणजे स्थिर नळी नव्हे. बाहेरच्या भिंतींवर मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. आत येणारी हवा त्या गरम आणि दमट करतात. त्यांच्यात रक्त भरले की त्या फुगतात, ओसरले की आक्रसतात. निरोगी माणसातही काही तास एका बाजूच्या घड्या फुगलेल्या आणि दुसरीकडच्या बसलेल्या असतात, मग पाळी बदलते. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी 1895 मध्ये या चक्राचे वर्णन केले. स्वरशास्त्रात चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणतात, तेही याच अदलाबदलीचे निरीक्षण. पडदा सरळ असेल, तर हे चक्र जाणवत नाही. वाकडा असेल, तर अरुंद बाजूच्या घड्या फुगण्याची पाळी आली की नाक बंद झाल्याचे एकदम लक्षात येते.

आणखी एक गंमत आहे. पडदा डावीकडे कललेला, पण तक्रार उजवी नाकपुडी बंद असल्याची, असे रुग्ण तज्ज्ञांना नेहमी भेटतात. रुंद राहिलेल्या बाजूची टर्बिनेट कालांतराने मोठी होते आणि मोकळी बाजूच चोंदते. श्वास मोकळा असल्याची जाणीवही केवळ रुंदीवर ठरत नाही. हवेचा गारवा आतल्या त्वचेला कळला की मेंदूला ‘नाक उघडे आहे’ असा निरोप जातो. मेंथॉलचा बाम हुंगल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते ते त्यामुळेच. वाट तेवढीच अरुंद असते, फक्त गारव्याची जाणीव वाढलेली असते.

म्हणून नाक चोंदले की दोष पडद्याचाच, असे मानणे घाईचे ठरते. धूळ, परागकण, घरातल्या गादीतले सूक्ष्म कीटक किंवा बुरशी यांची ॲलर्जी असेल, तर सरळ पडद्याचे नाकही बंद होते. नाकात मऊ गाठी म्हणजे पॉलिप असू शकतात. नाकपुडीच्या तोंडाशी असलेली अरुंद जागा श्वास घेताना आत ओढली जात असेल, तर मागचा पडदा सरळ करून फारसे साधत नाही. गालाची त्वचा नाकाजवळून हलकेच बाहेर ओढल्यावर श्वास लगेच सुटला, तर या जागेचा संशय येतो. नाकाची दुर्बिणीतून तपासणी आणि शांतपणे घेतलेली माहिती यांतून या गोष्टी वेगळ्या काढता येतात.

उशाजवळच्या बाटलीचा विषय तर वेगळाच आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब रक्तवाहिन्या आवळून नाक झटपट उघडतात. ते चार-पाच दिवसांसाठी असतात. महिनोन् महिने वापरले, तर परिणाम ओसरताच घड्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. ही सवय सुटल्याशिवाय पडद्याचा वाटा किती, हे नीट सांगताच येत नाही. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी ही बाटली किती दिवस वापरायची, हे विकताना बहुधा कोणी सांगत नाही. ते सांगणे ही दुकानदाराची आणि डॉक्टरचीही जबाबदारी आहे.

ऑपरेशनचा विचार करण्याआधी औषधांना प्रामाणिक संधी द्यायला हवी, ती यासाठी. नाकात मारायचे स्टेरॉइडचे स्प्रे ॲलर्जीची सूज उतरवतात, पण ते थेंबांसारखे तत्काळ काम करत नाहीत. काही आठवडे रोज वापरावे लागतात. ‘दोन दिवस मारून पाहिला, काही उपयोग नाही’ ही तक्रार बहुतेकदा औषधाची नसून वापराची असते. स्प्रेचे तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने ठेवायचे. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरला की हे आपोआप जमते. पडद्यावर सतत फवारा बसला, तर खपल्या धरतात आणि रक्त येते. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही, म्हणजे जलनेतीचा, उपयोग होतो. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे. नळाचे कच्चे पाणी नाकात घेतल्यास क्वचित, पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

इतके करूनही श्वास कोंडलेलाच राहिला तर? येथे दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. स्प्रे सूज उतरवू शकतो, वाकलेली कूर्चा सरळ करू शकत नाही. अनेक वर्षे या ऑपरेशनवर आक्षेप होता की, ते जगभर केले जाते, पण औषधांच्या तुलनेत त्याचा फायदा नीट मोजलेला नाही. तो आक्षेप आता बराच मागे पडला आहे. नेदरलँड्समध्ये 203 प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये 378 रुग्णांवर झालेला अभ्यास 2023 मध्ये ‘बीएमजे’मध्ये आला. दोन्हींत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते : एकाला ऑपरेशन, दुसऱ्याला ऑपरेशनविना उपचार. दोन्हींत ऑपरेशन झालेल्यांची स्थिती स्पष्टपणे चांगली होती. ब्रिटिश अभ्यासात सहा महिन्यांनी त्रासाचे मोजमाप केले. शून्य ते 110 या मापावर औषधांच्या गटाचा सरासरी त्रास 39.5 होता, तर ऑपरेशन झालेल्यांचा 19.9.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरू नये. हे सगळे रुग्ण आधीपासून नाक चोंदण्याने त्रस्त होते. स्कॅनमध्ये पडदा वाकडा दिसला, पण तक्रार काहीच नाही, अशांसाठी हा पुरावा नाही. त्रास मोठा असेल, तर मिळणारा फायदाही मोठा, असाच या अभ्यासांचा कल आहे.

ऑपरेशनची धास्ती बऱ्याच अंशी जुन्या काळातून आलेली आहे. पूर्वीच्या पद्धतीत कूर्चेचा मोठा भाग काढून टाकत. त्यामुळे काहींच्या पडद्याला भोक पडे, काहींच्या नाकाचा कणा खोगिरासारखा खचे. आजच्या सेप्टोप्लास्टीत वरचा आणि पुढचा आधार राखून वाकलेला भाग सरळ करतात किंवा तेवढाच काढतात. काम नाकपुडीतून होते, बाहेर व्रण राहत नाही आणि नाकाचे रूप सहसा बदलत नाही. तरीही हे ऑपरेशनच आहे. ब्रिटिश अभ्यासात ऑपरेशन झालेल्या 174 जणांपैकी 7 जणांना रक्तस्रावामुळे पुन्हा रुग्णालयात यावे लागले आणि 20 जणांना जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविके घ्यावी लागली. ‘अर्ध्या तासाचं काम आहे, काही होत नाही’ असे सांगून हे झाकणे योग्य नाही.

‘परत वाढतं’ या भीतीचे काय? सरळ केलेली कूर्चा थोडी मूळ वळणावर जाऊ शकते आणि काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागते, हे खरे. पण बऱ्याचदा परत आलेली असते ती ॲलर्जी. पडदा सरळ झाला म्हणून धुळीची ॲलर्जी जात नाही. ऑपरेशननंतर रुग्ण स्प्रे बंद करतो, पुढच्या हिवाळ्यात घड्या फुगतात आणि दोष ‘वाढलेल्या हाडा’वर जातो. हे आधीच समजावून सांगितले, तर निराशा टळेल.

तसेच घोरण्याचे. नाक मोकळे झाल्यावर काहींचे घोरणे कमी होते, पण झोपेत श्वास मध्येच थांबत असेल, तर अडथळा बहुतेकदा घशात असतो. अशा स्लीप ॲप्नियावर केवळ पडद्याचे ऑपरेशन हा इलाज नव्हे. आधी झोपेची तपासणी हवी. वारंवार सर्दी, जुनी डोकेदुखी, वास न येणे यांचेही तेच. पडदा सरळ झाल्याने हे सारे जाईल, असे आश्वासन कोणी देत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

दोन प्रसंगांत मात्र थांबून चालत नाही. नाकाला मार लागल्यानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत नाक दोन्ही बाजूंनी बंद होऊन ठणकू लागले, तर पडद्यात रक्त साकळलेले असू शकते. ते लगेच काढले नाही, तर कूर्चा मरते आणि नाक कायमचे बसते. मुलांच्या बाबतीत ‘सूज आहे, उतरेल’ म्हणून हे विशेषतः दुर्लक्षित राहते. दुसरा प्रसंग प्रौढांचा : एकच नाकपुडी सतत बंद आणि तिच्यातून वरचेवर रक्त. ‘हाड वाढलं असेल’ म्हणून हे अंगावर काढू नये, कारण गाठ नाही याची खात्री आधी करावी लागते.

बाकी वेळी घाई कसलीच नसते. वाकडा पडदा बहुधा जिवावर बेतत नाही, तो झोप आणि उमेद कुरतडतो. म्हणून निर्णयाचे माप रुग्णाच्याच हाती असावे. रात्री कितीदा जाग येते? जिना चढताना तोंड उघडावे लागते का? जेवताना धाप लागते का? ॲलर्जीचा उपचार नीट, पुरेसे आठवडे केला का? थेंब सुटले का? डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही साधे आहेत : माझ्या त्रासात पडद्याचा वाटा किती? टर्बिनेटचेही काही करणार का, आणि किती? ऑपरेशननंतर कोणता त्रास राहील? विमा असेल, तर पॉलिसीही वाचावी. अनेक पॉलिसींत कान-नाक-घशाच्या ठरावीक ऑपरेशनांसाठी सुरुवातीची काही वर्षे भरपाई मिळत नाही.

नाक दाबले की तोंड उघडते, अशी मराठीत म्हण आहे. पडदा वाकडा असलेल्यांना तिचा शब्दशः अनुभव रोज रात्री येतो. तेच तोंड एकदा डॉक्टरांसमोर नीट उघडून हे प्रश्न विचारले, तर काहींचे ऑपरेशन टळेल आणि काहींना ते दहा वर्षे आधी मिळेल. दोघांनाही रात्रीची झोप मिळेल.