मालप्याच्या अंजनीबाई

गोव्याच्या गायिका म्हटल्या की केसरबाई आणि मोगूबाई ही नावे चटकन ओठांवर येतात. अंजनीबाई मालपेकर मात्र आठवाव्या लागतात. वास्तविक त्यांच्या आडनावातच आपल्या पेडण्यातले मालपे आहे.

अंजनीबाई १८८३ सालच्या, कलावंत घराण्यातल्या. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे त्यांची तालीम झाली. १८९९ मध्ये मुंबईत पहिली मैफल. पुढे नाव गाजत असताना, चाळिशीच्या सुमारास त्यांनी मैफली सोडल्या आणि शिकवण्याकडे वळल्या. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९७४ मध्ये त्या गेल्या.

कलावंत बायकांच्या गळ्यावर गोव्याचे नाव झाले, पण त्यांना आपल्या म्हणताना गावे संकोचली, असे मला वाटते. शिवाय आपण मोठेपणा मोजतो तो गाजलेल्या मैफलींवर. घडवलेल्या गळ्यांचा हिशेब कोण ठेवतो? केसरबाईंच्या नावाने समारोह होतो, याचा आनंदच आहे. अंजनीबाईंसाठी पुतळा नको. पेडण्यातल्या मुलांना गाणे शिकवणारा एक वर्ग त्यांच्या नावाने चालावा. शिकवणाऱ्या बाईचे याहून योग्य स्मारक कोणते?