फ्लेक्सवरची नावं आणि शाळेचं फाटक

मागच्या वर्षी उन्हाळ्यात कोऱ्हाळे बुद्रुकला घरी गेलो होतो. एसटीतून उतरलो तर समोर इंग्रजी माध्यमाच्या एका खाजगी शाळेचा भलामोठा फ्लेक्स. ‘प्रवेश सुरू’ ही अक्षरं खाली बारीक आणि वर माजी विद्यार्थ्यांचे फोटो. कुणी डॉक्टर, कुणी अमेरिकेत इंजिनिअर, एक मुलगी टीव्ही मालिकेत काम करणारी. प्रत्येकाच्या फोटोमागे सोनेरी वर्तुळ.

घरी पोचलो तर धाकटी बहीण माहेरी आलेली. तिचा नवरा गॅरेजात काम करतो, मुलगा पुढच्या वर्षी पहिलीला जाणार. चहा होईपर्यंत तिला दम निघाला नाही. “भाईजान, त्या शाळेत घालायचं म्हणतेय याला. पाटल्या मोडल्या तर दोन वर्षांची फी भागेल.”

मी विचारलं, “त्या फ्लेक्सवर आपल्या गल्लीतलं कोण आहे?”

“कुणीच नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर घालायचं.”

तिच्या या उत्तरावर मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही. आजचं संपादकीय त्यावरच आहे. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण मीही तेच केलं आहे, फक्त उलट्या बाजूनं. पुण्यात कॉलेजला आल्यावर हॉस्टेलच्या ओळख परेडीत प्रत्येक जण आपल्या शाळेचं नाव सांगत होता. बिशप्स, सेंट व्हिन्सेंट, लॉयला. माझी पाळी आली तेव्हा मी “बारामतीकडची एक शाळा” एवढंच म्हणालो. जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव जिभेवर आलं होतं, ते गिळलं. शाळेचं नाव म्हणजे कपड्याच्या ब्रँडसारखं असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आणि ते गिळल्याची लाज वाटायला पुढं बरीच वर्षं लागली.

आधी ‘खाजगी शाळा’ या शब्दाकडं नीट बघू. आपल्या भागात माध्यमिक शाळा बहुतेक खाजगी संस्थांच्याच आहेत. इमारत आणि कारभार संस्थेचा, मास्तरांचा पगार सरकारचा. रयत शिक्षण संस्थेच्या शाळाही या अर्थानं खाजगीच. झहीर खान श्रीरामपूरला हिंद सेवा मंडळाच्या न्यू मराठी प्राथमिक शाळेत आणि मग सोमय्या विद्यालयात शिकला. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा हा गोलंदाज असा एका खाजगी संस्थेच्या मराठी शाळेचा विद्यार्थी. तरीही बहीण ‘खाजगी’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं हे नसतं. तिला पिवळी बस, टाय, आणि आपल्याला बोलता येत नाही ती भाषा दिसते.

आता नावाजलेल्या शाळांच्या यादीकडं येऊ. मुंबईची कॅथिड्रल अँड जॉन कॉनन शाळा घ्या. होमी भाभा तिथले, फरीद झकेरिया तिथले. आपल्या मुलांना झकेरियांचं नाव फार आवडतं. अमेरिकेच्या टीव्हीवर जगाच्या राजकारणावर बोलणारा मुसलमान, आणि मूळ घराणं आपल्या कोकणातलं. नाव आवडावं असंच आहे. पण पुढची गोष्ट आपण सांगत नाही. फरीद यांचा जन्म १९६४ चा. त्यांचे वडील रफिक झकेरिया तेव्हा राज्याच्या राजकारणातले मोठे नेते होते, लंडन विद्यापीठाचे पीएच.डी., बॅरिस्टर, ग्रंथकार. आई फातमा झकेरिया पत्रकार आणि संपादक. घरात पुस्तकं, पाहुण्यांत मंत्री. भाभांची आत्या तर दोराबजी टाटांची पत्नी. ही मुलं दुसऱ्या शाळेत गेली असती तर वाया गेली असती, असं कुणी म्हणू शकेल का? शाळा चांगलीच आहे, प्रश्न तो नाही. पण यादीतल्या पुष्कळ नावांचं मोठेपण शाळेत शिरतानाच त्यांच्याबरोबर आलं होतं, आणि त्याचं श्रेय आता शाळेच्या खात्यावर जमा आहे.

मला रस आहे तो रफिक साहेबांमध्ये. १९२० साली जन्मलेला, नालासोपाऱ्याकडचा हा माणूस. त्यानं आपली मुलं कॅथिड्रलला घातली, हे खरं. पण त्याच माणसानं १९६३ मध्ये औरंगाबादला मौलाना आझाद कॉलेज उभं केलं, मराठवाड्यातल्या मुलांसाठी, जिथं त्या काळी मुसलमान पोरांना उच्च शिक्षणाची दारं मोजकीच होती. मुलाचं नाव आपल्या तोंडपाठ असतं, बापानं उघडलेलं दार सहसा कुणी सांगत नाही.

ही फक्त आपल्याकडची गंमत नाही. इंग्लंडमधलं ईटन १४४० मध्ये सहाव्या हेन्री राजानं काढलं, ते ७० गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी. आज ते श्रीमंतीचं दुसरं नाव आहे. बोरिस जॉन्सन हे तिथून आलेले विसावे पंतप्रधान. ब्रिटनमध्ये साधारण सात टक्के मुलं खाजगी शाळांत शिकतात. २०१९ च्या सटन ट्रस्टच्या अहवालात वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के त्या शाळांतले निघाले. आपल्या डून स्कूलचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनमध्येच शिक्षक होते. ती शाळा निघाली १९३५ ला. राजीव गांधी तिथले, नवीन पटनाईक तिथले. दोघांचेही वडील... जाऊ द्या, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे अशा शाळेतून नेमकं काय मिळतं? भाषा मिळते. वर्गातला शेजारी उद्या कलेक्टर किंवा कंपनीचा मालक होतो, ती ओळख मिळते. कुठं, कसं आणि किती आवाजात बोलायचं, याची सवय मिळते. हे खोटं नाही, आणि बहिणीला तेच हवं आहे. सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं होतं की देशातल्या नामवंत कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या ५० मागे एक मुसलमान आहे. या आकड्यांत फक्त हुशारीचा हिशेब नाही, शेजाऱ्यांचाही आहे. आपल्या पोराला त्या वर्गात शेजारीच नाहीत.

पण नामवंत संस्थेचं नाव आपल्याला कुठपर्यंत पोचवतं, याचंही एक उदाहरण लक्षात ठेवावं. अन्सार शेख जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे, वडील रिक्षाचालक, प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुढं फर्ग्युसन कॉलेज. तेही खाजगी संस्थेचं, १८८५ पासूनचं, माजी विद्यार्थ्यांची यादी दोन पंतप्रधानांपर्यंत जाणारी. २०१५ च्या यूपीएससीत वयाच्या २१ व्या वर्षी ते ३६१ वे आले. त्याच पुण्यात खोली मिळावी म्हणून आपण ‘शुभम’ हे नाव सांगितलं होतं, हे त्यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. कॉलेज फर्ग्युसन होतं, पण घरमालकाच्या दारात कॉलेजचं नाव कामाला आलं नाही. प्रतिष्ठा शाळा देते असं आपण धरून चालतो. ती कुठल्या दारापर्यंत चालते हे ज्याचं त्याला माहीत.

म्हणून मी शाळा ओळखायची माझी रीत बदलली आहे. बाहेर कोण पडलं हे मी नंतर बघतो, आत कोणाला घेतलं जातं हे आधी. या मापानं मोजलं की यादी वेगळीच होते. बद्रुद्दीन तय्यबजी मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर, १८८७ ला काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम काढली. तिथल्या शाळेत एका बेस्ट बसच्या ड्रायव्हरचा मुलगा शिकला, त्याचं नाव वसीम जाफर. त्याच्या धावांचं श्रेय शाळेनं घ्यायला माझी हरकत नाही, कारण त्याला आत घेतलं होतं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू करायला पुढाकार घेतला. भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले गावात रयत काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. पोरांना जेवायला घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं.

बहिणीच्या पाटल्यांचा विषय निघाला तेव्हा लक्ष्मीबाईंची आठवण मला आली होती. मी ती बोललो नाही. दुसऱ्याच्या त्यागाचे दाखले आपल्या बहिणीला द्यायचे नसतात.

आता थोडं आपल्या घरातलं, कडू. शिक्षण हक्क कायद्यानं विनाअनुदानित खाजगी शाळांना पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, फी सरकार भरतं. पण २०१४ च्या प्रमती निकालानंतर अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. म्हणजे आपल्याच लोकांच्या इंग्रजी शाळेत आपल्याच पंक्चरवाल्याच्या मुलाला ती जागा कायद्यानं मिळत नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या सवलतीवर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडं जावा असं म्हटलं. योगायोग असा की त्या खटल्यातलं एक नाव महाराष्ट्रातल्या अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टचं आहे. घटनेच्या कलम ३० नं दिलेला हक्क आपण जपलाच पाहिजे, त्यावर माझी तडजोड नाही. पण २५ जागा स्वतःहून द्यायला आपल्या विश्वस्तांना कुणी अडवलं आहे? स्नेहसंमेलनाला दुबईहून आलेल्या माजी विद्यार्थ्याला शाल घालताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

राज्य सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना यातून मोकळं केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत तो बदल रद्द केला. हे लढणारे पालक होते. त्यांचे फोटो कुठल्या फ्लेक्सवर नाहीत.

तर परत कोऱ्हाळ्याला. रात्री बहिणीच्या नवऱ्याला मी विचारलं, २५ टक्क्यांचा अर्ज का नाही भरत? तो म्हणाला, जातीचा दाखला नाही. ते तांबोळी. तांबोळी, आतार, बागवान, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं. आपल्या हजारो घरांची ही अडचण आहे. मास्तरांनी जात विचारली नाही, बापानं सांगितली नाही, आणि आता दोन पिढ्यांनी ती सिद्ध करायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. जिल्हा परिषदा १९६२ च्या, शाळा त्याहून जुनी, लोकल बोर्डाच्या काळातली. मुख्याध्यापिका बाईंनी सुट्टीतही कपाट उघडून दिलं. जुनं जनरल रजिस्टर, कोपरे वाळवीनं खाल्लेले, शाई तपकिरी झालेली. दोन तास पानं उलटली. मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याच्या आजोबांचं नाव. चौथीतून शाळा सोडली, कारण ‘घरकाम’. आणि जातीच्या रकान्यात कुण्या मास्तरानं वळणदार मोडी-वळणाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘मुसलमान तांबोळी’.

बाई म्हणाल्या, “नक्कल देते, उद्या या.” तो काही बोलला नाही. रजिस्टर मिटायच्या आधी त्यानं मोबाईलवर त्या ओळीचा फोटो काढला.

दाखला मिळायला पावसाळा गेला. तहसील कचेरीत किती खेपा झाल्या ते त्याचं त्याला ठाऊक. अर्ज ऑनलाइन आणि फुकट असतो, तो भाच्याचा मीच भरला, त्याच फ्लेक्सवाल्या शाळेसाठी. तुमच्या गल्लीत पुढच्या वर्षी पहिलीला जाणारं कुणी असेल तर कागद आत्ताच काढायला घ्या, अर्ज सुरू झाल्यावर वेळ उरत नाही. जन्मदाखला, राहण्याचा पुरावा, आणि जातीचा किंवा एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. शाळेच्या जुन्या रजिस्टरपासून सुरुवात करा.

सोडत झाली. भाच्याचं नाव प्रतीक्षा यादीत आहे, वरून चौथं. बहीण दर दोन दिवसांनी फोन करते. पाटल्या अजून तिच्या हातात आहेत.