ओट्स-मधाची वडी करा, पण साखर मोजून

मुलांच्या छोट्या सुटीच्या डब्यात काय द्यावं, हा प्रश्न या सदराकडे पुन्हा पुन्हा येतो. हल्ली त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: दुकानातला ओट्स-मधाचा बार चालेल का? माझं उत्तर, घरी करा. पण घरचा बार बिनसाखरेचा असतो, या समजुतीने करू नका.

आधी विकतच्या बारचं वेष्टन उलटून वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ओट्स पहिले दिसले की आपण निर्धास्त होतो. खाली मात्र साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध अशी वेगवेगळी नावं विखुरलेली असतात. ती एकत्र मोजली असती, तर गोडाचा क्रमांक बराच वर गेला असता. पुढच्या बाजूला ठसठशीत छापलेला मध यादीत अनेकदा तळाशी सापडतो.

घरी सगळं आपल्या हातात असतं. 200 ग्रॅम साधे ओट्स (मसाल्याच्या पाकिटातले नकोत) कढईत मंद आचेवर खमंग भाजा. इथे घाई केली, तर कच्चट चव शेवटपर्यंत जात नाही. त्यातले निम्मे मिक्सरवर भरड काढा, म्हणजे वडी धरेल. त्यात भाजलेले शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया मिळून 100 ग्रॅम घाला. 100 ग्रॅम चिक्कीचा गूळ मोठा चमचाभर तुपात विरघळवा. पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी झाली की गॅस बंद. चिक्कीसारखा कडक पाक नको. ओट्स-दाणे त्यात कालवा आणि मिश्रण हाताला सोसेल इतकं निवल्यावर 60 ग्रॅम मध मिसळा. तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा. सैल थापलं, तर कापताना भुगा होतो. कोमट असतानाच 14 वड्या पाडा.

नुसत्या मधावर का नाही? मधात फ्रुक्टोज भरपूर आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात अशा वड्या दुसऱ्या दिवशी चिकट होतात. गुळाचा पाक त्यांना आकार देतो. शिवाय मध तापवू नये, असं आयुर्वेद सांगतो. त्या वादात न शिरताही एवढं खरं, की आचेवर मधाचा वास उडतो, आणि चांगला मध आपण त्या वासासाठीच घेतो. महाबळेश्वरच्या जांभळाच्या मधाची किंचित कडवट चव ओट्सबरोबर फार सुरेख लागते. तिथलंच मांघर 2022मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने 2020च्या डिसेंबरमध्ये नामांकित ब्रँडच्या मधातली साखरेच्या पाकाची भेसळ उघड केली होती. तेव्हापासून मध कुठून येतो हे विचारून घेणं मला अत्यावश्यक वाटतं.

आता हिशेब. मधाच्या वजनात सुमारे 80 टक्के साखरच असते. वर दिलेल्या मापाने एका वडीत गूळ-मधाची मिळून साधारण 10 ग्रॅम साखर येते, म्हणजे दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटना मधालाही मोकळ्या साखरेतच धरते आणि मोठ्या माणसाने ती दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवणं उत्तम मानते. ओट्समधल्या बीटा-ग्लुकनने पोट भरल्यासारखं वाटतं, दाण्यातून प्रथिनं मिळतात, पण साखर त्यामुळे कमी होत नाही. म्हणून डब्यात एकच वडी, आणि त्या दिवशी बिस्किटं नकोत.

घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल, तर त्याला या वडीचा कणही देऊ नका. बाळगुटीत मध घालायची आपल्याकडे पद्धत आहे, तीही थांबवा. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.