आरोप म्हणजे गुन्हा नव्हे

आपल्या बोलण्यात काही शब्द इतके रुळलेले असतात की त्यांचा अर्थ विचारण्याची कुणाला गरजच वाटत नाही. 'आरोप' हा त्यांपैकीच एक. वर्तमानपत्रात तो रोज दिसतो, एस. टी.च्या प्रवासात कानावर पडतो, वसतिगृहाच्या गप्पांतही असतोच. आणि बहुतेक वेळा तो उच्चारताना आपल्या मनात निकालही लागून गेलेला असतो.

वास्तविक हा शब्द मुळात फार सावध आहे. आरोपण म्हणजे लावणे, वर ठेवणे. वृक्षारोपणात तोच अर्थ आहे. आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांना हा शब्द रूपक अलंकारात भेटतो. 'मुखचंद्र' म्हणताना मुखावर चंद्राचा आरोप केलेला असतो. म्हणून मुख काही चंद्र होत नाही. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी दोरीवर भासणाऱ्या सापाचे उदाहरण देतील. थोडक्यात, आरोप म्हणजे बाहेरून आणून ठेवलेली गोष्ट. ती खरोखर तिथली आहे की नाही, हे अजून ठरायचे असते. दिव्याच्या उजेडात कधी साप निघेल, कधी दोरी. पण दिवा येण्यापूर्वी काठी उगारू नये, एवढेच न्यायाचे म्हणणे आहे.

कायद्याच्या मराठीत याहून नेमका शब्द आहे, 'दोषारोप'. त्याच्या पायऱ्या नीट समजून घेण्याजोग्या आहेत. पोलिसांकडे प्रथम येते ती खबर. तिची नोंद होताच आपण 'गुन्हा दाखल झाला' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला गुन्हा घडल्याचे जणू सिद्धच झालेले वाटते. पुढे तपास होतो. तपासाअंती पोलीस न्यायालयात सादर करतात ते दोषारोपपत्र, म्हणजे आपले 'चार्जशीट'. ते पोलिसांचे म्हणणे, न्यायालयाचे नव्हे. मग न्यायाधीश कागदपत्रे पाहतात. खटला चालविण्याइतका आधार नसेल तर आरोपीला तिथेच मुक्त करता येते. आधार दिसला तर न्यायालय दोषारोप निश्चित करते, तो आरोपीला वाचून दाखविते, समजावून सांगते आणि गुन्हा कबूल आहे काय, असे विचारते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही रीत होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

दोषारोपात कोणता अपराध, कोणते कलम, केव्हा, कुठे आणि कोणाविरुद्ध, हे लिहावे लागते. आपल्याविरुद्ध नेमके काय म्हणणे आहे हे कळल्याशिवाय माणूस उत्तर तरी कशाचे देणार? म्हणून दोषारोप हे आरोपीच्या बचावाचेही पहिले साधन आहे. शिक्षेशी त्याचा संबंध पुष्कळ पुढचा.

शब्दांचा हा काथ्याकूट कशाला, असे कुणाला वाटेल. त्याने लोकमान्य टिळकांचे खटले आठवावेत. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील 'अप्रीती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रीतीचा निव्वळ अभाव, असा ज्यूरीला सांगितला. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये स्वतःचा बचाव करताना 'केसरी'तील लेखांची सरकारी इंग्रजी भाषांतरे मूळ अर्थाला सोडून आहेत, यावर त्यांनी भर दिला. सात विरुद्ध दोन मतांनी निकाल गेला आणि सहा वर्षांची शिक्षा भोगण्यासाठी त्यांना मंडालेला जावे लागले. शब्दाचा अर्थ किती रुंद धरायचा, यावर माणसाचे आयुष्य असे हेलकावत असते.

'आग असल्याशिवाय धूर निघत नाही,' हे आपले ठरलेले उत्तर. पण तर्कशास्त्र शिकणाऱ्याने आधी तो धूर आहे की धुके, हे पाहायला हवे. याचा अर्थ तक्रार करणाऱ्याला खोटे समजावे, असा मुळीच नाही. अन्याय झालेली स्त्री किंवा गावकुसाबाहेरचा माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा त्यामागे केवढे धैर्य असते! त्याचे म्हणणे गंभीरपणे ऐकलेच पाहिजे. परंतु गंभीरपणे ऐकणे आणि सिद्ध झाले असे मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारदाराला न्याय हवा असतो. तो पुराव्याने मिळतो, आपल्या गप्पांनी नव्हे.

२०२२ अखेर भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांच्या खटल्यांचा निकाल लागायचा होता. म्हणजे चारांतले तीन 'कच्चे कैदी'. त्यांत दोषी असतील, निर्दोषही असतील. पण बोलताना आपण सर्वांना एकाच नावाने हाक मारतो, ती म्हणजे 'गुन्हेगार'. पुढे एखादा निर्दोष ठरलाच, तर आपण 'सुटला' म्हणतो. जणू हातात आलेला मासा निसटला!

भाषेच्या विद्यार्थ्यांना कायदा बदलता येणार नाही. पण संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन शब्द ज्याच्या त्याच्या जागी वापरणे आपल्या हाती आहे. उद्या आपल्यापैकी कुणी वार्ताहर होईल, कुणी शिक्षक, कुणी वकील. निदान त्यांच्या लेखणीतून तरी खटल्याआधी निकाल उतरू नये.