तोंडपाठ प्रार्थनेच्या बाजूने

पाठ केलेली प्रार्थना ही खरी प्रार्थनाच नव्हे, असे मत ख्रिस्ती वर्तुळात, विशेषतः शिकलेल्या तरुणांत, वारंवार ऐकू येते. मनातले बोल आपल्याच शब्दांत देवापुढे मांडावेत. दुसऱ्याने घडवलेली वाक्ये घोकणे म्हणजे पोपटपंची, असा हा आक्षेप. तो प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचा विचार व्हायला हवा. आम्हांस मात्र तो अपुरा वाटतो. आणि त्याचे उत्तर धर्मशास्त्राआधी भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील जात्यावर सापडते.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी, वेल्हे, भोर या भागांतील व इतर ठिकाणच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या ओव्या बहुधा निरक्षर बायकांच्या मुखी होत्या; आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलेल्या. त्या वाचताना ‘पाठ केलेले’ आणि ‘स्वतःचे’ ही विभागणीच टिकत नाही. दळणारी बाई आईची ओळ उचलते, तिच्यात आपल्या भावाचे वा लेकाचे नाव गुंफते आणि विठ्ठलापुढे आपले गाऱ्हाणे मांडते. साचा परंपरेचा, दुःख तिचे. तिला कोणी पोपट म्हणत नाही.

हीच ओवी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथेसाठी निवडली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी छापली गेली. एक ग्रंथ गाण्या-ऐकण्यासाठी, दुसरा पाठ करण्यासाठी. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन मराठी उपासनेत आणले. उत्स्फूर्त प्रार्थनेचा आग्रह धरणारे उपासकही त्यांची गीते पाठच म्हणतात, आणि त्यात त्यांना काही खोटे वाटत नाही. शिवाय उत्स्फूर्त म्हणविल्या जाणाऱ्या प्रार्थनांतही तीच तीच ठरीव वाक्ये येतात. फक्त ती कोणी निगुतीने घडवलेली नसतात, इतकेच.

यावर मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा दाखला दिला जाईल. तेथे येशू निरर्थक बडबडीविरुद्ध बजावतो, हे खरेच. परंतु त्यालाच लागून तो शिष्यांना एक नेमकी, छोटी प्रार्थना शिकवतो. म्हणजे त्याचा रोख पाठांतरावर नसून, पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो या समजुतीवर आहे. त्याहून बोलका पुरावा क्रुसावरचा. मत्तय आणि मार्क यांच्या वृत्तान्तानुसार, त्यागल्याची वेदना असह्य झाली तेव्हा येशूच्या ओठी बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आला. ज्या घडीला माणसाने आपले म्हणून काही बोलावे, त्या घडीला त्याने बालपणापासून कानी पडलेले शब्द उच्चारले. ते शब्द उसने होते म्हणून ती आर्तता उसनी ठरते काय?

पाठांतर निर्जीव होऊ शकते, हे आम्ही नाकारीत नाही. छडीच्या धाकाने घोकवलेला विश्वासांगीकार किंवा घड्याळाकडे पाहत ओढलेली जपमाळ कोणाच्या अंतःकरणाला स्पर्श करणार? परंतु दोष अवधानाच्या अभावाचा आहे, पाठांतराचा नव्हे. मुलाला आज न कळलेला शब्द वीस वर्षांनी, एखाद्या मृत्यूच्या दारात, अचानक कळतो. तो कळण्यासाठी आधी मुखी असावा लागतो. आजारपणात, शोकात, वार्धक्यात स्वतःचे शब्द सर्वांत आधी साथ सोडतात. त्या वेळी पाठ असलेलेच उरते.

आमची खरी चिंता येथे आहे. इंग्रजी माध्यमात वाढणाऱ्या पुष्कळ ख्रिस्ती मुलांना आजीची मराठी प्रार्थना येत नाही. आजीच्या अखेरच्या आजारात तिच्या उशाशी बसून ती प्रार्थना तिच्याबरोबर म्हणणारे घरात कोणी नसेल, तर ती हानी केवळ धर्माची नाही, भाषेचीही आहे. कवितेचे पाठांतर कालबाह्य मानणाऱ्या आपणा साहित्याच्या अध्यापकांनीही याचा विचार करावा. जाते थांबले तरी ओव्या उरल्या, कारण त्या कोणाच्या तरी मुखी होत्या. प्रार्थनांनाही दुसरे घर नाही.