मेंढरांच्या वेषातील लांडगे
(द्वितीय वर्ष, कला)

धर्माच्या नावाने लोकांना नाडणारे भोंदू कोणत्या धर्मात नाहीत? आपल्या संतांनी दांभिकांवर कोरडे ओढले, ते उगाच नव्हे. परंतु शेजाऱ्याच्या दारातला केर दाखविण्यापूर्वी स्वतःचे अंगण झाडावे, या न्यायाने मी येथे माझ्या ख्रिस्ती धर्मापुरतेच बोलणार आहे.

हा धोका आमच्याकडे नवा नाही. मेंढरांच्या वेषात लांडगे येतील, त्यांची पारख त्यांच्या फळांवरून करा, असे खुद्द येशूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना बजावले होते. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तर अगदी व्यवहारी कसोटी ठरविली होती. 'डिडाखे' नावाच्या प्राचीन पुस्तिकेची प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली. तीत म्हटले आहे की, फिरता उपदेशक एक दिवस, फार तर दोन दिवस राहिला तर ठीक. तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकला किंवा निघताना पैसे मागितले, तर तो खोटा समजावा! आज ही कसोटी लावली तर किती जण उतरतील?

आजच्या लांडग्याच्या हातात मायक्रोफोन असतो. त्याची प्रवचने मोबाईलवर घरोघर पोहोचतात आणि खाली बँकेच्या खात्याचा क्रमांक असतो. देवाच्या नावाने पैसे 'पेरा', दसपट उगवतील, असे तो सांगतो. आमच्या नात्यातील एका मावशींना अशाच एकाने सांगितले की, मधुमेहाच्या गोळ्या घेणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. मावशींनी गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली आणि अखेर अंगठा कापावा लागला. जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, "तुमचा विश्वास कमी पडला." म्हणजे बरे वाटले तर प्रार्थनेचे यश, न वाटले तर रोग्याचा दोष! या सौद्यात उपदेशकाचे नुकसान कधी होतच नाही.

प्रार्थनेला माझा विरोध नाही. आपल्याकडचे रोगी आजही उपचारासाठी मिरजेला जातात. तेथील रुग्णालय डॉ. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली उभारले. त्यांनी प्रार्थनाही केली आणि शस्त्रक्रियाही. एकासाठी दुसरे सोडावे लागले नाही.

खरा प्रश्न आहे तो आपल्या भाबडेपणाचा. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबईत विलेपार्ले येथे एका क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी झिरपू लागले. लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. सनल एडामरुकू या बुद्धिवाद्याने पाहणी करून सांगितले की, तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे. त्याचे आभार मानायचे सोडून भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षी तो देश सोडून फिनलंडला गेला. ख्रिस्ती म्हणून मला या गोष्टीची लाज वाटते.

२०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मग फसविणाऱ्याच्या गळ्यात रुद्राक्ष असो, ताईत असो वा क्रूस! पण कायदा फिर्यादीनंतर धावतो. अंगठा त्याआधीच गेलेला असतो.

"श्रद्धेत प्रश्न विचारू नयेत," असे कोणी म्हणेल. मग बायबलने बिरुयाच्या लोकांची स्तुती का केली? पौलासारख्याचे बोलणेही ते रोज शास्त्राशी ताडून पाहत! पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण मठातील भगिनी सांगतील तेच मानायचे, हे पत्करले नाही. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणले आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्याचेच काम केले. अडाणी बाईलाही ते स्वतः समजावे, ही त्यांची तळमळ होती. आपल्याच जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. खरा उपदेशक कसा असतो हे पाहायला आपल्याला दूर जायला नको.

मित्रहो, आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरची वडीलधारी माणसे, जो पुस्तक उघडून वाचून दाखवील त्याच्यावर विसंबतात. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल. तेव्हा नवा 'गुरू' दारी आला की आपणच पुढे होऊन तीन प्रश्न विचारावेत. पैशांचा हिशेब कोण पाहतो? औषध बंद करायला सांगता का? आणि तुमचे म्हणणे ग्रंथात कोठे आहे, ते दाखवाल का? जो खरा असेल तो शांतपणे उत्तर देईल. जो रागावेल, त्याला चहा देऊन उंबऱ्यावरूनच निरोप द्यावा.