कावडीवरचा भात

परदेशीं जाणाऱ्या आपल्या मंडळींस खाण्याविषयीं दोन चिंता असतात. आपला आचार तेथें कसा सांभाळावा ही पहिली, आणि पैसा किती लागेल ही दुसरी. या दोहोंच्या भरांत तिसरा प्रश्न बहुधा मनांत येतच नाहीं. तो असा कीं, त्या देशांतील सामान्य मनुष्य आपलें पोट कशानें भरतो? मलेशियांतील पिनांग बेटावर, जॉर्जटाऊन शहरीं आम्हीं थोडे दिवस घालविले, ते याच प्रश्नाचा माग घेण्यांत. मोठीं उपाहारगृहें टाळून रस्त्याकडेच्या गाड्या व साध्या खाणावळी आम्हीं धुंडाळल्या. आमच्यांत बहुतेक शाकाहारी व एक मत्स्याहारी सारस्वत स्नेही होते, त्यामुळें दोन्ही पक्षांची साक्ष वाचकांपुढें ठेवतां येते.

तेथील सर्वांत बोलका पदार्थ ‘नासी कंदार’. नासी म्हणजे भात व कंदार म्हणजे कावड. दक्षिण भारतांतून गेलेले तमिळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका बाजूस भात व दुसऱ्या बाजूस कालवण घेऊन कष्टकऱ्यांस विकीत हिंडत. कावड गेली, नांव राहिलें. आज दुकानांत भातावर तीनचार प्रकारचे रस्से एकावर एक ओतून देतात. ‘बंजिर’, म्हणजे पूर, एवढा शब्द उच्चारला कीं भात खरोखरच बुडून जातो. या खाणावळवाल्यांस सारा देश ‘मामाक’ म्हणतो. शब्द तमिळ ‘मामा’वरून आलेला, व अर्थहि आपल्या मामाचाच.

शेवयांचा कारभार मुख्यत्वें चिनी लोकांकडे. ‘चार क्वे त्याव’ म्हणजे तांदळाच्या पिठाच्या रुंद, चपट्या शेवया. लोखंडी कढईंत भडकत्या जाळावर मोड आलेलीं कडधान्यें, अंडें, कोळंबी, शिंपल्या व डुकराची चरबी यांसह त्या परततात. चांगला कारागीर एका वेळीं एकदोन ताटांपुरतेंच परततो, कारण कढई भरली कीं जाळाचा तो खमंग वास उतरत नाहीं. मजुरांचें पोट थोडक्यांत भरावें म्हणून निघालेला हा पदार्थ. शाकाहाऱ्यांनीं येथें नेत्रसुखावर भागविलें.

‘आसाम लाक्सा’ हा माशांच्या आंबट रश्शांतील शेवयांचा प्रकार. वर अननस, काकडी व पुदिना. पहिल्याच घोटास आमचे सारस्वत स्नेही “हें तर घरचें आमसूल!” असें उद्गारले, आणि तें अगदींच चूक नव्हतें. चिंचेबरोबर त्यांत ज्या फळाच्या वाळविलेल्या चकत्या घालतात, तें फळ आपल्या कोकमाच्याच, म्हणजे गार्सिनिया या वर्गांतलें. नारळाच्या दुधांत शिजविलेल्या ‘नासी लेमाक’ भातास वास येतो तो पांडान नांवाच्या पानाचा, आणि तें झाडहि केवड्याचें भावंड. केळीच्या पानांत बांधलेली त्याची लहान पुडी दोनतीन रिंगिटांत मिळते. मात्र सोबतच्या तिखटांत सुक्या मासळीचा वा कोळंबीचा अंश बहुधा असतोच, म्हणून शाकाहाऱ्यांनीं विचारल्यावांचून घास घेऊं नये.

त्यांची खरी सोय चिनी बौद्धांच्या शाकाहारी दुकानांत होते. चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं तेथें विशेष गर्दी असते, आणि कित्येक ठिकाणीं कांदालसूणहि वर्ज्य! चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या वडील मंडळींस तेथें परकें वाटणार नाहीं. भातावर हव्या त्या भाज्या आपण वाढून घ्याव्या, दुकानदारानें ताटावर एक नजर टाकून दाम सांगावा, अशी रीत.

हें सारें इतकें स्वस्त कसें पडतें? ‘कोपीतियाम’ नांवाच्या कॉफीच्या दुकानांत मालक पेयें विकतो व कोपरे निरनिराळ्या गाडीवाल्यांस भाड्यानें देतो. प्रत्येकाचा पदार्थ बहुधा एकच. तोच जन्मभर केल्यानें हात बसलेला, नासाडी थोडी, नोकर नाहींत. म्हणजे ही स्वस्ताई एका मनुष्याच्या मनगटावर उभी आहे, आणि चिंता आहे ती तेथेंच. गाडीवाले वृद्ध होत आहेत, व त्यांच्याच कष्टाच्या पैशानें शिकलेलीं मुलें कचेऱ्यांकडे वळतात. पिनांगच्या सरकारनें २०१४ सालीं अशा गाड्यांवर परदेशी मजुरांनीं मुख्य स्वयंपाकी होऊं नये असें ठरविलें व २०१६ पासून त्याचा अंमल सुरू केला. २०२४ सालीं युनेस्कोनें मलेशियाच्या न्याहारीच्या परंपरेस मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. परका हात कायद्यानें दूर ठेवतां येतो, पण घरचा हात कढईपुढें आणणें कायद्यासहि साधत नाहीं आणि सन्मानासहि.

आपल्या घरांतून रांधणाऱ्याच्या श्रमास ‘त्यांत काय मोठेंसें’ म्हणण्याची संवय अजून गेलेली नाहीं, मग विकत रांधणाऱ्याची कथा काय! वाचकांपैकीं जे तिकडे जातील त्यांनीं आपला आचार अवश्य सांभाळावा. पण ताट स्वस्त म्हणून तें हलकें समजूं नये, त्यांत उष्टें टाकूं नये, आणि उठतांना कढईपुढें उभ्या असलेल्या त्या वृद्धास, भाषा येत नसली तरी, हात जोडून यावें.